पुण्यातील पोलीस आणि धर्मसमाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याच्या पूर्व भागातील एका पेठेत राहतो आणि गेली बरीच वर्षे शांतता समितीच्या बैठकांना जातो. गणेशोत्सव, मोहरम, ईद किंवा पालख्यांचा मुक्काम जवळ आला की मंडळांचे, मशिदींचे आणि मंदिरांचे नवे कार्यकर्ते तेच प्रश्न पुन्हा विचारतात. पोलिसांना हा अधिकार कोणी दिला, पूर्वी असे होते का, आमच्याच मिरवणुकीला अडवतात का, असे ते प्रश्न असतात. त्यांची उत्तरे इतिहास आणि कायदा या दोन्हींच्या आधारे येथे एकत्र दिली आहेत. जेथे मत माझे आहे, तेथे ते माझे म्हणूनच लिहिले आहे.

पुण्यात हा संबंध कधीपासून सुरू झाला?

इंग्रजांच्या पोलिसांपासून सुरुवात करण्याची सवय आपल्याला आहे, पण पुण्यात त्याआधी कोतवाली होती. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत शहरासाठी कोतवाल नेमला गेला. चौक्या, रात्रीची गस्त, बाजारातील भाव, वजनमापे, परगावाहून येणाऱ्यांची नोंद ही सगळी कामे त्याच्याकडे होती. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला चौकीत बसवून ठेवीत. मात्र हा कोतवाल आजच्या अर्थाने धर्मनिरपेक्ष अधिकारी नव्हता. राज्यच धर्मव्यवस्थेचे रक्षक होते, त्यामुळे जातीचे नियम मोडणे, व्यभिचार आणि मद्यपान हे गुन्हेच होते, आणि प्रायश्चित्त व दंड एकमेकांना लागूनच चालत. धर्माची आज्ञा आणि सरकारची आज्ञा यांच्यात अंतर नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसाला मात्र ते अंतर नसण्याची किंमत रोज मोजावी लागे.

तरीही सत्ता आणि धर्मसमाज यांच्यात ठिणगी पडत असे. घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१ मध्ये दक्षिणेकडून आलेल्या तैलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी पकडून एका अरुंद कोठडीत डांबले आणि त्यातील बरेच जण गुदमरून मेले. बातमी पसरताच शहरातील ब्राह्मणांचा जमाव नाना फडणवीसांच्या वाड्यावर गेला. अखेर घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि दगडांनी ठेचून मारण्यात आले. कोठडीतील मृत्यू, एका समाजाचा संताप आणि राज्यकर्त्यांनी चौकशीऐवजी शोधलेली सुटका, हे तिन्ही या एका घटनेत दिसतात. मेलेल्यांना यातून न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही, कारण कोठडीची व्यवस्था कोणी केली आणि तीवर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न घाशीरामाबरोबरच संपवले गेले.

इंग्रजांनी धर्मात ढवळाढवळ करणार नाही असे सांगितले होते. मग पोलीस मिरवणुकांमध्ये कसे आले?

१८१७ च्या नोव्हेंबरात पुणे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. १८५७ च्या उठावानंतर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मात हात घालणार नाही असे वचन देण्यात आले, १८६१ मध्ये देशासाठी पोलिसांचा कायदा झाला आणि मुंबई इलाख्यासाठी १८९० मध्ये जिल्हा पोलिसांचा स्वतंत्र कायदा आला. आता अडचण अशी, की धर्मात हात घालायचा नाही पण रस्ता सरकारचा आहे, आणि त्या रस्त्यावरून दिंडी, ताबूत, पालखी व लग्नाची वरात सगळेच जाणार. मग अधिकाऱ्यासमोर वाद आला की त्याने कोणता निकष लावावा?

इंग्रजांनी उत्तर काढले ते ‘वहिवाट’ या शब्दात. कोण बरोबर हे ठरवायचे नाही, तर आजवर काय चालत आले ते पाहायचे. कोणत्या रस्त्याने मिरवणूक गेली, कोठे वाद्ये थांबली, किती वाजता गेली, हे लिहून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी तेच मान्य करायचे. वरवर पाहता हे अगदी न्याय्य वाटते. परंतु एकदा वहिवाट म्हणजेच हक्क असे ठरले, की प्रत्येकाला नवी वहिवाट पाडण्याची आणि दुसऱ्याची पडू न देण्याची घाई होते. यंदा दहा मिनिटे जास्त थांबलो तर पुढच्या वर्षी ती दहा मिनिटे आपलीच. यंदा तक्रार केली नाही तर कायमची गप्प बसण्याची पाळी. पूर्वी शेजारी म्हणून एकमेकांना मोकळेपणाने दिलेल्या सवलती अशा नोंदवहीत गेल्या आणि त्या देताना माणसे हात आखडता घेऊ लागली. माझ्या समजुतीप्रमाणे पुण्यातील मिरवणुकांच्या निम्म्याहून अधिक तंट्यांचे मूळ धर्मग्रंथांत सापडत नाही, ते या नोंदीत सापडते.

पुढे १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, मंजूर हसन विरुद्ध मुहम्मद जमान या खटल्यात सांगितले, की सार्वजनिक रस्त्यावरून आपल्या विधींसह धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क सर्वांना आहे, मात्र वाहतूक व सुव्यवस्थेसाठी अधिकाऱ्यांनी दिलेले आदेश पाळावे लागतील. आजचा कायदाही याच दोन पायांवर उभा आहे.

१८९३-९४ मध्ये पुण्यात नेमके काय घडले?

त्याआधी पुण्यातील मोहरम हा केवळ मुसलमानांचा प्रसंग नव्हता. ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत, काही घरांतून नवस बोलले जात. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. तिची पार्श्वभूमी काठेवाडातील प्रभासपाटणच्या दंगलीची होती. मुंबईच्या दंगलीत सरकार आणि पोलीस एका बाजूला झुकले अशी तक्रार पुण्यात जोराने मांडली गेली. याच काळात सार्वजनिक गणेशोत्सवाने आकार घेतला आणि १८९४ च्या मोहरमवर पुष्कळ हिंदूंनी बहिष्कार घातला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून मेळ्याची, म्हणजे गणेशोत्सवात पदे गाणाऱ्या पथकाची, मिरवणूक वाद्ये वाजवीत जात असताना मारामारी झाली. मशिदीसमोर वाद्ये थांबवण्याचा प्रश्न त्यानंतर पुण्याच्या बंदोबस्तातील कायमचा प्रश्न झाला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वाद्यांचा वाद सुरू झाला त्याच दशकात शहरात अशी मंडळेही होती जी दोन्ही समाजांनी मिळून उभी केली होती. मानाचा तिसरा गणपती असलेल्या गुरुजी तालमीची स्थापना १८८७ मध्ये भिकू शिंदे आणि उस्ताद नालबंद यांनी केली. तालमीच्या मातीत ज्यांची ओळख झाली त्यांना रस्ता कोणाचा हे ठरवायला फौजदार लागला नाही.

पुढे मेळ्यांतील पदे राजकीय होऊ लागली तेव्हा पोलिसांची नजर धर्मावरून राजद्रोहावर गेली. १९१० च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले. म्हणजे ज्या नियमांचे कारण धार्मिक शांतता असे सांगितले जात होते, ते राजकारण दाबण्यासाठीही तितकेच सोयीचे ठरले. शांततेच्या नावाने दिलेला अधिकार कशासाठी वापरला जातो हे दर वेळी तपासून पाहणे म्हणून आवश्यक असते.

प्लेगच्या काळातील अत्याचार पोलिसांनी केले की लष्कराने?

घराघरांत शिरून तपासणी करण्याचे काम मुख्यतः गोऱ्या सैनिकांना दिले होते. १८९७ च्या मार्चपासून प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या हाताखाली ही मोहीम चालली. रोग्यांना आणि संशयितांना घरातून हलवणे, सामान जाळणे, जमिनी खणणे हे सगळे रोगाच्या भीतीने केले जात होते आणि रोग खराच भयंकर होता, हे विसरता कामा नये. पण बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणे, परक्या पुरुषांनी बायकांना तपासणे, देवांची विटंबना होणे अशा तक्रारी सगळ्या समाजांतून आल्या. हिंदूंना सोवळ्याचे आणि मुसलमानांना पडद्याचे दुःख होते, आणि एकमेकांचे दुःख ते ओळखूनही होते. त्या घरातील म्हातारीला विश्वासात घेणारा एक ओळखीचा माणूस पथकाबरोबर असता तर किती फरक पडला असता, हा विचार मला बंदोबस्ताच्या प्रत्येक बैठकीत आठवतो.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर सरकारने शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च शहरावरच टाकला आणि नातू बंधूंना खटल्याविना अटकेत ठेवले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांवर गंभीर आरोप केले होते. ते पुराव्यांनी सिद्ध करता न आल्यामुळे परत आल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. ही माफी गोखल्यांच्या सचोटीची खूण आहे. पण जिच्या घरात सैनिक शिरले ती बाई साक्ष द्यायला पुढे येणे किती अवघड होते, हेही त्यातून दिसते. आजच्या तक्रारींतही हीच अडचण आहे.

हा प्रश्न फक्त हिंदू आणि मुसलमान यांच्यातला आहे का?

नाही, आणि तसे समजल्याने पुष्कळ काही नजरेआड होते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानलेल्या समाजाने सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्याबरोबर एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुणही होते. सनातनी जमावाने दगडफेक केली आणि राजभोज जखमी झाले. येथे दोन्ही बाजूंची माणसे एकाच देवाचे नाव घेत होती, आणि सरकारसमोर वहिवाट व न्याय यांतील निवड होती. वहिवाट पाहिली असती तर देवळाचे दार कधीच उघडले नसते. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि या बाबतीत वहिवाटीचा आधार कायमचा काढून घेतला.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर पुण्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले आणि शहरात संचारबंदी लावावी लागली. लष्कर भागातील १८६७ चे लाल देऊळ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ आहे, चर्च आहेत, अग्यारी आहेत. २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावरही हल्ला झाल्यामुळे संख्येने लहान असलेल्या या समाजांचा पोलिसांशी संबंध मुख्यतः संरक्षणाच्या निमित्ताने येतो.

आज मिरवणूक, वाद्ये आणि जमाव यांबाबत पोलिसांचे अधिकार कोणत्या कायद्यातून येतात?

मुख्य आधार १९५१ चा पोलीस अधिनियम आहे, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ३३ खाली मिरवणुकांचे नियम करता येतात, कलम ३६ खाली जागेवर आदेश देता येतात आणि कलम ३७ खाली शस्त्रे, जमाव इत्यादींवर मनाई करता येते. कलम ३७ ची मनाई राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. पूर्वीचे जमावबंदीचे ‘१४४ कलम’ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. पुण्यात १ जुलै १९६५ पासून आयुक्तालय असल्यामुळे हे बहुतेक आदेश पोलीस आयुक्तांच्या सहीने निघतात. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळे झाले, त्यामुळे देहू आणि आळंदी येथील पालखीच्या प्रस्थानाचा बंदोबस्त एका आयुक्तालयाचा आणि शहरातील मुक्कामाचा दुसऱ्याचा, असे आता असते.

ध्वनिक्षेपकाबाबत २००० चे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या १०० मीटर परिसरात त्याहूनही कमी. प्रार्थनेसाठी ध्वनिक्षेपक वापरणे हा धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्या प्रकरणात सूचित केले, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेच स्पष्ट शब्दांत सर्व धर्मांना लागू केले. हे नियम मंदिर, मशीद, मंडळ, लग्न सर्वांना सारखे आहेत. लोक चिडतात ते नियमामुळे नव्हे, तो एकाला लावला आणि दुसऱ्याला लावला नाही म्हणून. मापनयंत्र सगळीकडे न्यावे आणि आकडा त्याच वेळी संबंधितांना दाखवावा, अशी मागणी मी स्वतः बैठकीत अनेकदा केली आहे.

शांतता समित्या आणि मोहल्ला समित्या कोठून आल्या? त्यांचा खरोखर उपयोग होतो का?

सणाआधी प्रतिष्ठितांना ठाण्यात बोलावण्याची पद्धत जुनी आहे. मोहल्ला समितीची कल्पना मात्र भिवंडीतून आली. १९७० मध्ये भिवंडी, जळगाव आणि महाड येथे दंगली झाल्या, ज्यांची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी वेगळा मार्ग धरला. मोठ्या नावांच्या पुढाऱ्यांऐवजी त्यांनी वस्तीतील यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षाचालक अशा माणसांना आणि त्या वस्तीच्या पोलिसाला एकत्र बसवले. नळाचे पाणी, गटार, उधारीची भांडणे असे विषय तेथे वर्षभर निघत. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शेजारची भिवंडी शांत राहिली. मुंबईत त्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट बोट ठेवले आणि ३१ पोलिसांवर कारवाईची शिफारस केली. मुंबईतील मोहल्ला समित्या त्याच जखमेतून उभ्या राहिल्या.

उपयोग होतो का, याचे उत्तर मी पाहिलेल्या एका बैठकीवरून देतो. ठाण्याच्या आवारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी पेल्यातला चहा. पहिला तास सत्कार आणि भाषणे यांत गेला, पहिल्या रांगेतील सगळे जण फोटो झाल्यावर उठून गेले. मग मागे बसलेला ढोल पथकाचा एक मुलगा उठला आणि त्याने मशिदीच्या विश्वस्तांना सरळ विचारले, “चाचा, इशाची जमात किती वाजता उभी राहते?” चाचांनी रात्रीच्या त्या नमाजाची वेळ सांगितली. मुलाने मोबाइलमध्ये लिहून घेतले आणि म्हणाला, “आम्ही अलीकडच्या चौकात पंधरा मिनिटं थांबतो, पोरांना पाणी प्यायला तेवढाच वेळ मिळेल.” चाचा म्हणाले, “मग पाणी आमच्याकडून.” बैठकीच्या इतिवृत्तात यातले एक अक्षर आले नाही. विसर्जनाच्या रात्री मात्र मशिदीच्या कोपऱ्यावर पाण्याचे पिंप होते आणि ढोल अलीकडच्या चौकात थांबले होते.

म्हणून समितीचा उपयोग तिच्यात कोण बसते यावर आहे. वर्षातून दोनदा बोलावलेली, तीच ती नावे असलेली समिती दंगलीच्या रात्री कोणाला थांबवू शकत नाही, कारण गल्लीतील मुले त्या नावांना ओळखतच नाहीत. सभासदांत बायका जवळजवळ नसतात, ही उणीव तर मला दर वर्षी खटकते. अफवा घरात येते तेव्हा ती आधी त्यांच्या कानावर पडते.

दोन धर्मांचे सण एकाच दिवशी आले तर?

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण ३३ वर्षांनी त्याचे चक्र पूर्ण होते आणि मधली काही वर्षे हे सण जवळ येतात. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. तेव्हा मुंबईप्रमाणे पुण्यातही मुस्लिम संघटनांनी मिरवणूक पुढे ढकलली. हा निर्णय समाजाने स्वतःहून घेतला होता आणि पोलिसांना तो केवळ जाहीर करायचा होता.

बॉम्बस्फोट आणि हत्यांच्या तपासाने विश्वासावर काय परिणाम केला?

सर्वांत खोल परिणाम येथेच झाला आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा जीव गेला. या खटल्यात एका आरोपीला २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, परंतु २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला कटाच्या व स्फोटाच्या आरोपांतून मुक्त करून स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. त्या वर्षांत अनेक मुस्लिम तरुण चौकशीच्या धास्तीने ठाण्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. मृतांच्या नातेवाइकांनाही पूर्ण उत्तर मिळाले नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची ओंकारेश्वराजवळील पुलावर हत्या झाली. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले तो २०१३ मध्येच झाला, आणि त्या कायद्याने पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याची तरतूद केली. बुवाबाजीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘हा श्रद्धेचा विषय आहे’ असे सांगून परत पाठवता येत नाही.

२ जून २०१४ रोजी समाजमाध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरानंतर उसळलेल्या तणावात हडपसरमध्ये एका मुस्लिम तरुणाला जमावाने मारले. त्या मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. जमावात शेकडो डोळे असतात आणि न्यायालयात साक्षीदार टिकत नाही. बंदोबस्त कितीही चोख असला तरी तपास कच्चा राहिला, तर त्या समाजाच्या मनात ठाण्याची पायरी एकेक करून उंच होत जाते.

पोलीस ठाण्यात धार्मिक भावना दुखावल्याची किंवा द्वेषपूर्ण भाषणाची तक्रार घेत नसतील तर काय करावे?

धर्माच्या आधारे वैर पसरवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली आणि हेतुपुरस्सर धर्माचा अपमान करणे हे कलम २९९ खाली येते. दुसरे कलम जुन्या २९५-अ चे रूप आहे, जे १९२७ मध्ये घातले गेले. दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. ‘यासाठी शासनाची परवानगी लागते’ असे एका ठाण्यात मलाही सांगण्यात आले होते. ती परवानगी न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी लागते, गुन्हा नोंदवण्यासाठी नाही. द्वेषपूर्ण भाषणाबाबत तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला आहे.

तक्रार लेखी द्यावी, पोहोच घ्यावी, चित्रफीत असल्यास मूळ फाइल जपून ठेवावी, आणि शक्य असेल तर दुसऱ्या समाजातील शेजाऱ्याला साक्षीदार म्हणून बरोबर न्यावे. ठाण्याने नकार दिल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रारीचा मजकूर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे लेखी पाठवता येतो, आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंदवला गेला की प्रथम खबर अहवालाची प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.